१० टक्क्यांची मंदी कुपवाडला पोचेपर्यंत ८० ची कशी होते

२०१९ च्या गणपतीनंतरची गोष्ट. कृष्णेचा महापूर ओसरून महिना झाला होता. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), तीन लेथ, सात कामगार. ट्रकला लागणारे काही भाग टर्निंग करून तो एका मोठ्या पुरवठादाराला देतो. चहा समोर तसाच ठेवून म्हणाला, "सर, पेपरात लिहिलंय ट्रकची विक्री एवढ्या एवढ्या टक्क्यांनी कमी झाली. मग माझं काम त्याच्या दुपटी-तिपटीनं कसं गेलं? मला कोण फसवायलंय का?"

त्याला कोणी फसवत नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा मांडलं होतं. त्या दिवशी ते एका वहीच्या मागच्या पानावर, त्याच्या धंद्यापुरतं मांडलं. तेच इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण मंदीची भीती वाटणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती कुठून येते आणि कशी वाढत जाते हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

आधी शब्दाचं पाहू. सांगलीत 'मंदी' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मार्केट यार्डात हळदीचा दर पडला की मंदी, तासगावला बेदाण्याचे सौदे थंड झाले की मंदी. पण एखाद्या मालाचा दर पडणं आणि अर्थव्यवस्था मंदीत जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० साली हळद क्विंटलला १५ हजारांच्या वर गेली होती. ते पाहून जो तो हळद लावू लागला, माल उदंड झाला आणि दोन वर्षांत दर निम्म्याच्याही खाली आला. हळदवाल्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं, पण देशाचं उत्पादन त्या काळात वाढतच होतं. याच्या उलट २०२०. त्या वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं एकूण उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला. बांधकाम निम्म्यावर आलं, कारखानदारी ३९ टक्क्यांनी घटली. शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहून पाहिलं तर वर्ष बरं होतं, आणि देश मंदीत होता.

लागोपाठ दोन तिमाह्या उत्पादन घटलं की त्याला 'तांत्रिक मंदी' म्हणतात. २०२० मध्ये आपल्याकडे तेच झालं. हा नियम सोयीसाठी केलेला आहे, तो काही निसर्गनियम नव्हे. अमेरिकेत तर मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ठरवणारी अर्थतज्ज्ञांची एक समिती आहे. ती नोकऱ्या, उत्पन्न, विक्री असं सगळं बघते. २०२२ साली तिथे दोन तिमाह्या उत्पादन घटल्याचे आकडे आले, तरी समितीने त्याला मंदी म्हटलं नाही, कारण लोकांना नोकऱ्या मिळतच होत्या.

स्वातंत्र्यानंतर भारताचं वर्षाचं उत्पादन आदल्या वर्षापेक्षा घटलं अशी वर्षं मोजून पाच. १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१. पहिल्या चारही वेळा पावसाने दगा दिला होता. ज्या २००८ ची आपण इतकी चर्चा करतो ते साल या यादीत नाही. तेव्हा आपली वाढ मंदावली, पण उणे गेली नाही. आणि माझा विद्यार्थी ज्या २०१९ मध्ये माझ्यासमोर हवालदिल होऊन बसला होता, तेही या यादीत नाही. देशाच्या हिशेबात मंदी नव्हती, त्याच्या शेडमध्ये होती. देशाचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून काढलेली सरासरी. आपल्या घरात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही, म्हणून कोणी आकडा दाखवून "कुठे आहे मंदी?" असं विचारलं तर गोंधळून जाऊ नये.

ट्रकचं काय झालं होतं? २०१८ साली सरकारने ट्रकवर आधीपेक्षा जास्त वजन भरायला परवानगी दिली, त्यामुळे आहे त्याच गाड्यांत जास्त माल बसू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था देणी चुकवू लागली, आणि त्या धक्क्याने गाड्यांना कर्ज देणाऱ्या इतर वित्तसंस्थांचाही पैसा आटला. त्यात एप्रिल २०२० पासून कमी धूर सोडणारी, बीएस-६ नियमांची इंजिनं येणार म्हणून अनेकांनी खरेदी थांबवून ठेवली. तिन्ही कारणं एकदम आली.

आता वहीतला हिशेब. समजा एक विक्रेता महिन्याला १०० नग विकतो आणि पुढच्या महिन्याची सोय म्हणून १०० नग गोदामात ठेवतो. एका महिन्यात विक्री ९० झाली. तो म्हणतो, आता ९० च खपणार, तर गोदामातही ९० पुरेत. म्हणजे विकलेल्या ९० च्या जागी ९० मागवायचे, पण गोदामातले १० कमी करायचे. ऑर्डर गेली ८० ची. त्याला माल देणाऱ्या कंपनीला १०० ऐवजी ८० ची ऑर्डर दिसते. तिच्याही गोदामात १०० आहेत, तिला आता ८० पुरतात. ती ८० मधून २० वजा करते आणि पुढच्याला ६० ची ऑर्डर देते. त्या पुढच्याकडेही १०० चा साठा. तो ६० मधून ४० वजा करतो. कुपवाडला ऑर्डर येते २० ची.

दुकानात विक्री १० टक्क्यांनी घटली, कुपवाडचं काम ८० टक्क्यांनी. मधल्या कोणीही लबाडी केली नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतला. खऱ्या व्यवहारात साठे इतके नेमके नसतात, कोणी हळूहळू कमी करतो, कोणी अजिबात करत नाही, पण दिशा हीच असते. साखळीत जो जितका मागे, त्याला झटका तितका मोठा. सांगली, मिरज, कुपवाड, पलूस, इकडे सातारा, कराड, या पट्ट्यातली छोटी वर्कशॉपं आणि फौंड्र्या या साखळीच्या पार शेपटाला आहेत.

या हिशेबाची दुसरी बाजू मी त्याला मुद्दाम करून दाखवली. समजा पुढे विक्री वाढली नाही, नुसती ९० वर टिकून राहिली. मग विक्रेता ८० ऐवजी ९० मागवतो. कंपनीचा साठा ८० वर आणलेला असतो, तिला तो ९० करायचा असतो, म्हणून ती १०० मागवते. तिच्या मागचा पुरवठादार आपला साठा भरायला आणखी जास्त मागतो. दुकानात काहीच सुधारलेलं नसताना कुपवाडला मात्र एकदम ओव्हरटाइम सुरू होतो. म्हणून म्हणतो, काम ज्या वेगाने जातं त्याच वेगाने परत येऊ शकतं. प्रश्न असतो तो मधले महिने तग धरण्याचा.

इथपर्यंत झाली मालाची साखळी. माणसांची साखळी तिच्या शेजारूनच जाते. ओव्हरटाइम बंद झाला की कामगार मोटारसायकल घेणं पुढे ढकलतो, कॅन्टीनवाल्याचं दूध कमी होतं, वडाप रिक्षावाल्याच्या दोन फेऱ्या कमी होतात, त्याच्या पोराची क्लासची फी थकते. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. घाबरून सगळ्यांनीच एकाच वेळी हात आखडता घेतला तर सगळ्यांचीच कमाई घटते, आणि बचत करू पाहणाऱ्यांच्या हातात शेवटी आधीपेक्षा कमीच उरतं. केन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३० च्या दशकात हे जगाला पटवून दिलं. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत चारांतला एक कामकरी माणूस बेकार झाला होता. केन्सचं म्हणणं असं की अशा वेळी काटकसर हा घराचा गुण असला तरी सगळ्या देशाने एकदम केली तर तो घाव ठरतो. तेव्हा खर्च करायला कोणीतरी पुढे यावं लागतं, आणि ते बळ फक्त सरकारकडे असतं.

हे वाचून कोणाला वाटेल, लंडन-न्यूयॉर्कच्या गोष्टी आपल्याला काय कामाच्या? तर या विचाराचं एक फार मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, आणि ते आपल्या मुलांना माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. तासगाव तालुक्यातलं विसापूर. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तिथे एक प्रयोग केला. हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचं, आणि त्या कामातून बांध, ताली, विहिरी, रस्ते उभे करायचे. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा ही कल्पना राज्याच्या हाताशी तयार होती. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना खडी फोडण्याची कामं, पाझर तलाव आणि कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि त्याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. या योजनेसाठी पैसा उभा करायला राज्याने व्यवसाय कर लावला. आजही नोकरदाराच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून जी छोटी रक्कम कापलेली दिसते, तिचं मूळ तिथे आहे. ज्याचा पगार चालू आहे त्याच्याकडून थोडं घ्यायचं आणि ज्याचं पीक गेलं त्याच्या हाताला मजुरी द्यायची. त्या मजुरीतून गावातलं किराणा दुकान चालतं, दुकानदार सांगलीच्या व्यापाऱ्याकडून माल उचलतो, आणि उलटी फिरलेली साखळी पुन्हा सुलटी होऊ लागते.

रिझर्व्ह बँक हेच काम दुसऱ्या अंगाने करते. ती व्याजदर उतरवते, म्हणजे कर्ज स्वस्त होऊन लोक पुन्हा खरेदी करतील. २००८ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत तिने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला. २०२० च्या मे महिन्यात तो ४ टक्के केला, आणि त्याच महिन्यात केंद्राने रोजगार हमीला ४० हजार कोटी रुपये वाढवून दिले. नुसतं व्याज उतरवून नेहमीच भागतं असं नाही. ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही तो स्वस्त कर्जही घेत नाही. म्हणून मला स्वतःला पागेंचा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

सरकार त्याचं त्याचं करेल. घराने काय करावं?

हरिपूरची पेवं सांगलीकरांना ऐकून तरी माहीत असतात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवत. वर तोंड लहान, आत पोट मोठं. दर नसला की हळद पेवात जायची आणि वर्ष-दोन वर्षांनी चांगला दर आला की बाहेर निघायची. मराठीत 'पेव फुटणं' म्हणतात ते तेजीला शोभणारं आहे, चांगल्या दिवसांत नव्या दुकानांचं, प्लॉटिंगचं, योजनांचं पेव फुटतं. पेव भरायचे दिवस खरे तेच. मंदी आल्यावर बचत सुरू करणं म्हणजे पाऊस थांबल्यावर शेततळं खणणं.

किती भरायचं? घरखर्चाचा अंदाज घेताना लोक पगाराचा आकडा धरतात, तसं करू नका. ज्यावाचून महिना ढकलताच येणार नाही तेवढंच लिहून काढा. किराणा, दूध, वीज, गॅस, औषधं, शाळेची फी, कर्जाचे हप्ते. ४० हजार पगाराच्या घरात ही रक्कम २२-२४ हजार निघू शकते. अशा सहा महिन्यांची रक्कम सहज काढता येईल अशी ठेवा. ज्याचं काम साखळीच्या शेपटाला आहे त्याने नऊ महिन्यांची धरावी.

आणि सगळं एकाच पेवात भरू नका. २००५ च्या महापुरात पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं आणि वर्षानुवर्षं निर्धोक वाटलेली हळद कुजली. पैशाचंही तसंच आहे. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, एका ठेवीदाराला एका बँकेत मिळून ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. सहकारी बँकांनाही हा विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्था बुडताना आपण पाहिल्या आहेत, म्हातारी माणसं ठेवपावत्या घेऊन चकरा मारताना पाहिली आहेत. पतसंस्थेतला माणूस ओळखीचा आहे, व्याज एक-दोन टक्के जास्त आहे, एवढ्यावर अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नये, अगदी नात्यातला संचालक असला तरी.

शेअर बाजारातलाही पैसा या पेवात धरायचा नाही. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात होता, मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास. नोव्हेंबर २०१० मध्ये तो परत २१ हजारांवर आला. ज्याला थांबता आलं त्याचं फारसं नुकसान झालं नाही. पण नोकरी जाते तेव्हाच बाजारही पडलेला असतो, आणि फी भरायला त्याच पडत्या भावात विकावं लागतं.

कर्जाबद्दल एक गैरसमज २०२० मध्ये फार पसरला. तेव्हा सहा महिने हप्ता न भरण्याची सवलत मिळाली होती, ती अनेकांनी माफी समजून घेतली. व्याज चालूच होतं. गृहकर्ज १० लाखांचं, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता साधारण ९ हजार. सुरुवातीलाच सहा महिने हप्ता थांबवला तर सुमारे ४५,८५० रुपये व्याज मुद्दलात जमा होतं. हप्ता तेवढाच ठेवला तर २४० च्या जागी जवळजवळ २७५ हप्ते भरावे लागतात. सहा महिन्यांची उसंत, मोबदला जवळपास तीन वर्षं. खरंच हातात काही नसेल तर ही सवलत जरूर घ्यावी, पण पैसे असताना घेऊ नये. आणि हप्ता थकणार असं दिसलं तर थकण्याआधी बँकेत जाऊन बोला. मुदत वाढवून हप्ता कमी करून देणं बँकेला थकबाकी अंगावर घेण्यापेक्षा सोपं जातं. क्रेडिट कार्डाची बाकी मात्र सगळ्यांत आधी मिटवा. तिचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्के पडतं, आणि एवढं देणारं पीक आपल्या शिवारात येत नाही.

खर्च कमी करताना आरोग्य विम्याचा हप्ता तोडू नका. मिरजेत रोज दवाखान्यांच्या दारात उभी असलेली गर्दी पाहिली की का ते कळेल. नोकरी गेलेला कामगार ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) नोंदणीतला असेल तर त्याने तिथल्या कार्यालयात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'ची चौकशी करावी. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत २०२० मध्ये सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत देण्याचा निर्णय झाला. तिला मुदतवाढ दिली जात असते, म्हणून आधी विचारून घ्यायचं.

घरच्यांना सांगा. दोन महिने डबा घेऊन बाहेर पडणारा आणि दिवसभर कृष्णाकाठी बसून संध्याकाळी परत येणारा माणूस मी पाहिला आहे. बायकोला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गॅलरीचं काम तरी काढलं नसतं." दुखणं एकट्याने गिळलं की घराचा खर्च जुन्याच चालीने चालू राहतो. आणि अशाच घाबरलेल्या माणसाला पैसे दुप्पट करून देणारे आणि मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारे बरोबर गाठतात.

परत विद्यार्थ्याकडे येतो. त्याचा खरा प्रश्न दुसराच होता. एक सीएनसी विकून हप्ते भरावेत असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, "अरे, मंदीत मशीन घेणारं कोण आहे? निम्म्या किमतीला जाईल, आणि काम परत आलं की तुलाच भाड्याने आणावी लागेल. येणं किती आहे ते सांग." येणं निघालं नऊ लाख, चार महिन्यांपासूनचं. धंदे तोट्याने बुडण्याआधी बरेचदा रोकड संपल्याने बुडतात. लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. त्यासाठी आपली नोंदणी झालेली हवी, ती याची नव्हती. "सर, तक्रार केली तर पुढचं काम जाईल," तो म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती. त्याने तक्रार केली नाही. नोंदणी केली, बिलावर नोंदणीचा क्रमांक आणि मुदत छापायला लागला, आणि दर सोमवारी स्वतः जाऊन बसायचा. दिवाळीपर्यंत सहा लाख आले.

सातपैकी कोणालाही त्याने काढलं नाही. आठवड्याचे चार दिवस काम, चार दिवसांचा पगार, असं सगळ्यांना समोर बसवून ठरवलं. हात बसलेला माणूस एकदा पुण्याला गेला की परत येत नाही, हे त्याला माहीत होतं. उरलेल्या दोन दिवसांत त्याने द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या ब्लोअरचे सुटे भाग करायला घेतले. पैसे थोडे होते, पण ते गिऱ्हाईक ट्रकच्या साखळीतलं नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये सगळंच बंद झालं. टाळेबंदी उठल्यावर पहिली ऑर्डर त्याला ब्लोअरचीच आली, कारण बागांना फवारणी लागणारच होती. ट्रकचं काम त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आलं, आणि आलं ते एकदम.

एका रात्री नऊला फोन आला. मागे मशीनचा आवाज. "सर, दुसऱ्या पाळीला माणूस मिळंना. तुमच्या ओळखीत कोण आयटीआयवाला हाय का?"